बालदम्याची खानेसुमारी

आमच्या घरीं ‘दमा’ हा शब्द कोणी उच्चारीत नसे. माझ्या धाकट्या बहिणीला आठव्या वर्षापासून, पावसाळा लागला कीं, रात्रीं श्वास लागे. ती अंथरुणावर उठून बसे, पुढ्यांत उशी घेऊन तिच्यावर कोपरें टेकी, आणि श्वास सोडतांना तिच्या छातींतून बारीक शिटीसारखा आवाज निघे. आई पाठ चोळी, आजी ओव्याचा शेक देई, आणि सकाळीं डॉक्टर येऊन ‘छाती भरली आहे’ असें सांगून खोकल्याचें औषध लिहून देत. पुढें त्यांनीं ‘ॲलर्जिक ब्राँकायटिस’ हें नांव योजिलें. तें इंग्रजी असल्यामुळें कोणास बोचलें नाहीं. एकदां शाळेंतून आरोग्यतपासणीचा छापील कागद आला. त्यांत ‘दमा आहे काय?’ असा प्रश्न होता. वडिलांनीं क्षणभर थांबून ‘नाहीं’ असें लिहिलें. वडील खोटें लिहिणारे गृहस्थ नव्हते. डॉक्टरांनीं तें नांव कधीं घेतलें नव्हतें. आणि मुलीच्या जातीला असलें नांव एकदां चिकटलें म्हणजे लग्नाच्या वेळीं तें हटकून वर येतें, ही आजीची धास्ती घरांत सर्वांस ठाऊक होती. ह्या गोष्टीस आतां चाळीस वर्षें होऊन गेलीं. तो कागद ज्या बेरजेंत पडला असेल, त्या बेरजेंत माझी बहीण निरोगी ठरली.

जुन्या कागदांवरील आंकडे वाचणें हा माझा धंदा आहे, आणि त्या धंद्यांत पहिला धडा मिळतो तो हाच कीं, कोणताहि आंकडा हें एका प्रश्नाचें उत्तर असतें. प्रश्न कोणता होता हें समजल्यावांचून उत्तराला अर्थ नाहीं. ब्रिटिश अमदानींतील मुंबई इलाख्याचीं मृत्युपत्रकें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस माहीत असेल कीं, त्यांतील सर्वांत फुगलेला रकाना बहुधा ‘ताप’ हा असे. गांवच्या कामगारानें ज्याचें अंग तापलेलें पाहिलें वा ऐकिलें तो मनुष्य ‘तापानें’ मेला. हिंवताप, विषमज्वर, न्युमोनिया, प्रसंगीं क्षय, असे अनेक रोग त्या एका शब्दाच्या पोटांत गडप होत. पुढें रोगांचीं नांवें निराळीं झालीं तेव्हां तो रकाना आटूं लागला. पण जो जो ताप त्यांतून निघून गेला तो तो बरा झाला असें कोणी म्हणणार नाहीं. लहान मुलांतील दमा वाढत चालला आहे, दोन पिढ्यांत तो दुप्पट झाला, अशीं विधानें आपण वर्तमानपत्रांतून नेहमीं वाचतों. त्या विधानांकडेहि ह्याच दृष्टीनें पाहणें अवश्य आहे. त्या आंकड्यांत रोगाचा इतिहास आहे, आणि त्याच्याच जोडीला एका नांवाचाहि इतिहास आहे.

नांव फार जुनें आहे. इंग्रजींतील ‘अस्थमा’ हा शब्द मूळ ग्रीक. होमरच्या काव्यांत तो आढळतो, आणि तेथें त्याचा अर्थ केवळ धाप लागणें एवढाच आहे. आपल्याकडे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत श्वासाचे पांच प्रकार सांगितले आहेत: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. ह्यांपैकीं तमकश्वासाचें वर्णन वाचतांना माझ्या डोळ्यांपुढें बहिणीची ती उशी उभी राहते. अभ्रें, पाऊस, थंडी आणि पूर्वेकडील वारा यांनीं तो वाढतो, रोग्यास निजवत नाहीं, बसल्यानें बरें वाटतें, आणि ऊष्ण पदार्थांची त्यास इच्छा होते, असें तेथें सांगितलें आहे. हा श्वास नवीन असेल तर साध्य, जुनावला कीं याप्य, म्हणजे आवरतां येणारा पण समूळ न जाणारा, असा निर्णयहि दिला आहे. युरोपांत जॉन फ्लॉयर ह्या इंग्रज वैद्यानें १६९८ मध्यें आणि हेन्री हाइड सॉल्टर यानें १८६० मध्यें दम्यावर ग्रंथ लिहिले. हे दोघेहि स्वतः दमेकरी होते, आणि रोगाचें वर्णन त्यांनीं आंतून केलें. सॉल्टरच्या मतें दम्याचें मुख्य लक्षण म्हणजे श्वासाचे झटके, आणि दोन झटक्यांच्या दरम्यान निर्वेध श्वासोच्छ्वास.

ह्या सर्व ग्रंथकारांपुढें एक रोगी होता; त्यास ओळखावयाचें आणि आराम द्यावयाचा एवढेंच त्यांचें काम होतें. एका शहरांत असे रोगी किती, हा प्रश्न त्यांस कोणी विचारला नव्हता. ओळखण्यासाठीं चांगलें वर्णन पुरतें. मोजण्यासाठीं मात्र रेघ लागते, आणि वर्णनाला रेघ नसते. विसाव्या शतकांत जेव्हां मोजणी सुरू झाली तेव्हां ही अडचण प्रथम लक्षांत आली. १९५८ मध्यें लंडन येथें सीबा संस्थेच्या आश्रयाखालीं ब्रिटिश तज्ज्ञ जमले आणि पुढील वर्षीं त्यांची व्याख्या प्रसिद्ध झाली. फुप्फुसांतील श्वासनलिका सर्वत्र अरुंद होणें, आणि हें अरुंदपण थोड्या अवधींत आपोआप किंवा उपचारानें कमीजास्त होणें, म्हणजे दमा, असें त्यांनीं ठरविलें. १९६२ मध्यें अमेरिकन तज्ज्ञांनीं आपली व्याख्या केली व तींत, नाना कारणांनीं श्वासनलिका प्रमाणाबाहेर चेतविल्या जाणें, ही गोष्ट घातली. परंतु अरुंदपण किती, अवधि किती, प्रमाण कोणतें, हें दोन्ही व्याख्यांत नव्हतें. १९७१ मध्यें त्याच संस्थेच्या आश्रयाखालीं दुसरी मंडळी ह्या प्रश्नासाठीं बसली, तेव्हां समाधानकारक व्याख्या करण्याइतकें ज्ञान अद्यापि हातीं आलेलें नाहीं, असें तिनें मोकळेपणानें कबूल केलें.

आपल्या वाचकांस ही गोष्ट आणेवारीच्या उदाहरणानें सहज कळेल. दुष्काळ पडला कीं नाहीं हें ठरविण्यास सरकारनें आणेवारीची एक रेघ मारलेली असे. ती रेघ थोडी वर सरकविली कीं शेतांत एक दाणा उणा न होतां दुष्काळी गांवांची संख्या वाढे. खालीं ओढली कीं एक दाणा अधिक न पिकतां ती घटे. पण रेघ जाहीर असे, म्हणून तिच्यावर भांडतां तरी येई. दम्याच्या बाबतींत रेघ प्रत्येक डॉक्टरच्या मनांत होती, आणि ती काळाबरोबर हालत होती.

ती कशी हालली हें पाहण्यासारखें आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर, ज्या मुलास सर्दीपडशाबरोबर छातींत शीळ वाजे त्यास डॉक्टर ‘शीळवजा ब्राँकायटिस’ म्हणत. दमा हें नांव त्यांनीं वारंवार झटके येणाऱ्या, हांडकुळ्या, रात्री बसून काढणाऱ्या मुलांसाठीं राखून ठेविलें होतें. ह्यांत कांहीं अंशीं शास्त्र होतें, पण पुष्कळशी दयाहि होती. दमा म्हणजे जन्माचा सोबती, हा समज इकडे होता तसाच तिकडेहि होता. शिवाय त्या काळांत मनोविश्लेषकांचा एक प्रभावी पंथ दम्याचें मूळ मनांत, विशेषतः आई व मूल यांच्या संबंधांत, शोधीत असे. तेव्हां तें नांव उच्चारणें म्हणजे आईवर ठपका ठेवण्यासारखें होई. पुढें ऑस्ट्रेलियांतील मेलबोर्न शहरांत १९६४ सालच्या सात वर्षांच्या शाळकरी मुलांची पाहणी विल्यम्स व मॅकनिकोल यांनीं केली आणि १९६९ मध्यें तिचें फळ प्रसिद्ध केलें. शीळवजा ब्राँकायटिस आणि दमा हे दोन निराळे रोग नसून एकाच विकाराच्या सौम्य व तीव्र पायऱ्या आहेत, असें त्यांस आढळलें. ही साधी दिसणारी गोष्ट मोजणीच्या दृष्टीनें क्रांतिकारक होती. कारण भिंत पडली कीं दोन घरांची गणती एकांत होते.

तरी जुनी संवय लवकर सुटली नाहीं. इंग्लंडच्या ईशान्येस टाइनसाइड भागांतील सात वर्षांच्या मुलांची एक पाहणी १९८३ मध्यें प्रसिद्ध झाली. शाळेंत जाऊं लागल्यापासून ज्यांच्या छातींत शीळ वाजली होती अशीं १७९ मुलें तींत आढळलीं. त्यांपैकीं अवघ्या २१ मुलांच्या आईबापांस ‘दमा’ हें निदान सांगण्यांत आलें होतें. ह्या मधल्या काळांत उपचार बदलले होते. श्वासनलिका रुंद करणारें साल्ब्युटामॉल १९६९ मध्यें आणि सूज आवरणारें, हुंगून घेण्याचें बेक्लोमेथासोन १९७२ मध्यें बाजारांत आलें. म्हणजे नांव नसलें तर औषधहि नाहीं अशी स्थिति झाली. पूर्वीं दयेनें लपविलेलें नांव आतां लपविणें हीच निर्दयता ठरूं लागली, आणि डॉक्टरांस ‘दमा म्हणा व दम्याचें औषध द्या’ असा उपदेश होऊं लागला. औषध विकणारांसहि तो रुचला असल्यास नवल नाहीं.

आतां वाढीचे प्रसिद्ध आंकडे ह्या पार्श्वभूमीवर वाचावे. दक्षिण वेल्समध्यें बारा वर्षांच्या मुलांची १९७३ मध्यें आणि पुन्हां १९८८ मध्यें, त्याच भागांत, पाहणी झाली. कधींहि दमा झाल्याचें सांगणारीं मुलें शेंकडा ६ होतीं तीं १२ झालीं. बरोबर दुप्पट. पण त्याच मुलांत, कधींहि छातींत शीळ वाजल्याचें सांगणारीं शेंकडा १७ होतीं तीं २२ झालीं. ही वाढ तिसऱ्या हिश्शाहूनहि थोडी कमी आहे. स्कॉटलंडांतील ॲबर्डीन येथें १९६४ आणि १९८९ ह्या दोन सालीं शाळकरी मुलांची अशीच गणती झाली. तेथें शीळ शेंकडा १०.४ वरून १९.८ वर गेली, आणि दम्याचें निदान ४.१ वरून १०.२ वर. उलट लंडनच्या क्रॉयडन भागांत १९७८ आणि १९९१ ह्या सालीं आठ वर्षांच्या आसपासच्या मुलांविषयीं ‘गेल्या वर्षांत शीळ वाजली काय?’ एवढेंच विचारलें, तेव्हां आंकडा शेंकडा ११.१ वरून १२.८ पर्यंतच सरकला.

वेल्सचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडले तर नांवाची चाल उघड दिसते. १९७३ मध्यें दर शंभर शीळवाल्यांमागें सुमारें पस्तीस दमेकरी होते. १९८८ मध्यें सुमारें पंचावन्न. परंतु येथें उतावीळ होऊन, सारी वाढ नांवाचीच, असें म्हणणेंहि चूक होईल. वेल्सच्या संशोधकांनीं दोन्ही वेळां मुलांस धांवावयास लावून त्यांचा श्वास यंत्रानें मोजला होता. आणि यंत्रास ना लाज, ना संवय. त्या मोजणींतहि कांहीं वाढ दिसून आली. ॲबर्डीनमध्यें शीळ स्वतःच जवळजवळ दुप्पट झाली. तात्पर्य, नदीचें पाणी खरोखर चढलें होतें. पण पाणी मोजण्याची काठीहि त्याच काळांत खालीं खचत होती.

काठी बदलली तर काय होतें ह्याचें सर्वांत स्वच्छ उदाहरण अमेरिकेचें आहे. तेथें राष्ट्रीय आरोग्य पाहणींत दरवर्षीं घरोघर प्रश्न विचारतात. गेल्या बारा महिन्यांत मुलास दमा होता काय, ह्या प्रश्नास १९८० मध्यें शेंकडा ३.६ आणि १९९५ मध्यें शेंकडा ७.५ मुलांविषयीं ‘होय’ असें उत्तर आलें. १९९७ मध्यें पाहणीची नवी रचना होऊन प्रश्नच बदलला, आणि आलेखाची रेषा तेथें तुटली. २००५ सालचीं उत्तरें पाहा. ‘डॉक्टरनें कधीं दमा सांगितला होता काय?’ शेंकडा १२.७. ‘तो अद्यापि आहे काय?’ शेंकडा ८.९. ‘गेल्या वर्षांत झटका आला काय?’ शेंकडा ५.२. देश तोच, वर्ष तेंच, मुलें तींच. आणि आंकडे तीन, तिन्ही खरे. ज्याला भीति दाखवावयाची आहे त्यानें पहिला घ्यावा, ज्याला धीर द्यावयाचा आहे त्यानें तिसरा. फसवणुकीसाठीं खोटें बोलण्याची गरजच नाहीं.

देशादेशांची तुलना करतांना भाषेची आणखी एक गांठ पडते. १९९१ मध्यें सुरू झालेल्या एका आंतरराष्ट्रीय उपक्रमांत ५६ देशांतील १५५ केंद्रांतून तेरा-चौदा वर्षांच्या ४,६३,८०१ मुलामुलींस तेच प्रश्न विचारण्यांत आले, आणि १९९८ मध्यें त्याचा वृत्तांत आला. आपल्याकडील मुंबई, पुणें, अकोला हीं केंद्रेंहि त्यांत होतीं. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड ह्या देशांत प्रमाण सर्वांत अधिक आढळलें. हिंदुस्थान, चीन, इंडोनेशिया, इथिओपिया हे तळाशीं राहिले. केंद्राकेंद्रांतील अंतर वीस ते साठ पटींचें होतें. अग्रभागीं असलेले देश इंग्रजी बोलणारे, आणि मूळ प्रश्न इंग्रजी शब्दावर उभा, ही गोष्ट कोणाच्याहि डोळ्यांत भरेल. इंग्रजींत श्वासाच्या त्या आवाजास ‘व्हीझ’ असा एक शब्द आहे. मराठींत आपण काय म्हणणार? छाती वाजते, सूं-सूं करते, घरघरते, धाप लागते, दम लागतो. ह्यांतील प्रत्येक शब्द निराळ्या मुलास पकडील. मरणकाळच्या कफासहि आपण घरघरच म्हणतों. खुद्द इंग्लंडांतहि आईबाप ज्याला ‘व्हीझ’ म्हणतात तें आणि डॉक्टर ज्याला म्हणतात तें, हीं निम्म्याहून कमी वेळां जुळतात, असें २००० सालच्या एका पाहणींत आढळून आलें. ही अडचण जाणून त्या उपक्रमांत शब्दांऐवजीं चित्रपट दाखविण्याचीहि योजना केली होती: एक मुलगा श्वासासाठीं धडपडतो आहे, ‘असें तुला कधीं झालें काय?’ चित्रपटानेंहि देशांतील अंतर मिटलें नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. भाषा सारें अंतर निर्माण करीत नाहीं. पण तिनें किती केलें हें वेगळें काढल्याशिवाय बाकीचें रोगाच्या खातीं टाकतां येत नाहीं.

अगदीं लहान मुलांच्या बाबतींत तर प्रश्न अधिकच नाजूक होतो. अमेरिकेंतील टुसॉन येथें जन्मापासून पाळत ठेवलेल्या मुलांचा वृत्तांत १९९५ मध्यें प्रसिद्ध झाला. सहा वर्षांच्या आंत जवळजवळ निम्म्या मुलांच्या छातींत केव्हां ना केव्हां शीळ वाजली होती. शेंकडा १९.९ मुलांत ती पहिल्या तीन वर्षांत वाजून सहाव्या वर्षापर्यंत थांबली, शेंकडा १३.७ मुलांत ती प्रथमपासून टिकून राहिली. आणि शेंकडा १५ मुलांत ती मागाहून सुरू झाली. दोन वर्षांच्या बालकाची छाती वाजते तेव्हां तें ह्यांपैकीं कोणत्या वाटेनें जाईल हें छातीला कान लावून कळत नाहीं. आपल्याकडे ‘बाळदमा’ म्हणून जो शब्द आहे तो ह्या संदिग्धतेवर लोकांनीं काढलेला तोडगाच होय: हा दमाच, पण मोठा झाल्यावर जाणारा. २०१० मध्यें नेदरलंड्समधील संशोधकांनीं बालदम्यावरील १२२ निबंध तपासले, तों त्यांत दम्याच्या ६० निरनिराळ्या व्याख्या निघाल्या. मग त्यांपैकीं नेहमींच्या चार व्याख्या त्यांनीं मुलांच्या एकाच गटास लावून पाहिल्या. दमेकऱ्यांचें प्रमाण एका व्याख्येनें शेंकडा १५.१ आलें, आणि दुसरीनें ५१.१.

इतकें वाचून एखादा वाचक विचारील कीं, मग दमा नांवाचा रोग आहे तरी कीं नाहीं? हा प्रश्न ज्यानें रात्रीं अडीच वाजतां गुदमरणारें मूल मांडीवर घेतलें आहे त्याला विचारूं नये. श्वासनलिका आवळते हें खरें, औषधानें ती मोकळी होते हेंहि खरें, आणि वेळेवर न झाली तर मूल दगावतें हें सर्वांत खरें. संशय आहे तो त्या नांवाच्या सीमेविषयीं. ‘दमा’ हा शब्दच सोडून द्यावा, ताप हा जसा रोग न राहतां लक्षण झाला तसा दमाहि एक दिवस होईल, असा विचार २००६ मध्यें ‘लॅन्सेट’ ह्या प्रसिद्ध वैद्यकीय पत्रानें मांडला. आणि २०१७ मध्यें त्याच पत्रानें नेमलेल्या तज्ज्ञमंडळानेंहि, एका मोठ्या नांवाऐवजीं त्याखालचे निरनिराळे, उपचारयोग्य दोष ओळखावे, असें सुचविलें.

तोंपर्यंत मात्र चूक दोन्ही बाजूंनीं होते, आणि दोन्ही चुकांचें मोल मुलेंच भरतात. टाइनसाइडचीं १५८ मुलें नांवावांचून राहिलीं. उलट नेदरलंड्समध्येंच, दम्याचें निदान झालेल्या ६५२ मुलांच्या कागदांची २०१६ मध्यें फेरतपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हां निम्म्याहून अधिकांस दमा असण्याचा संभव नव्हता असें ठरलें. तीं मुलें औषध हुंगीत होतीं, खेळापासून कदाचित् दूर ठेविलीं जात होतीं, आणि स्वतःस रोगी समजत होतीं. म्हणून आंकडा प्रसिद्ध करणारानें त्याच्या शेजारीं आपली व्याख्या लिहावी. आणि वाचणारानें, ‘किती वाढला?’ असें विचारण्यापूर्वीं, ‘कोणास, काय म्हणून विचारलें?’ असें विचारावें. आपणां सुशिक्षितांस आंकड्यांची भीड फार पडते; ती थोडी कमी झाली पाहिजे.

माझ्या बहिणीस तिशीनंतर, परगांवीं, एका डॉक्टरीणबाईंनीं प्रथमच सरळ शब्दांत सांगितलें, “तुम्हांला दमा आहे, लहानपणापासूनच असणार.” ती मला म्हणाली, “दादा, ऐकून वाईट वाटेल असें वाटलें होतें, पण बरें वाटलें.” त्या वर्षीं पावसाळ्यांत ती उशीवर डोकें ठेवून निजली. पुढें तिच्या मुलाची छातीहि वाजूं लागली, आणि त्याच्या शाळेंतूनहि तसाच एक कागद आला. ‘दमा आहे काय?’ ह्यापुढें तिनें ‘होय’ असें लिहिलें, आणि खालीं औषधाचें नांव व शाळेंत झटका आल्यास काय करावें तें लिहिलें.

आमच्या घरापुरती खानेसुमारी केली तर एका पिढींत दम्याचें प्रमाण शून्यावरून एकावर गेलें असें नोंदावें लागेल. पाऊस तोच होता, शीळहि तीच होती. बदललें होतें तें उत्तर. आणि त्यामुळें आमच्या भाच्याला रात्र बसून काढावी लागली नाहीं.